वर्ग सांभाळता येईल का? : गोव्यातील विद्यार्थी-शिक्षकांसाठी मार्गदर्शन

बी.एड. (अध्यापनाची पदवी) किंवा डी.एल.एड. (प्राथमिक अध्यापनाची पदविका) करणारे विद्यार्थी-शिक्षक सराव पाठांसाठी शाळेत निघतात तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच शंका असते: वर्ग आपले ऐकेल का? विषयाची तयारी झालेली असते, पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) लिहून तपासून घेतलेले असते, तक्ते आणि चित्रेही पिशवीत असतात. तरीही पस्तीस-चाळीस मिनिटे मुलांना आपल्याबरोबर नेता येईल याची खात्री वाटत नाही. ही खात्री काहींना उपजत असते आणि काहींना नसतेच, असे मानून अनेक जण स्वतःला दुसऱ्या गटात टाकून मोकळे होतात. हा समज नुसता चुकीचा नाही, तो नुकसानही करतो, कारण मग माणूस सराव करायचे सोडून आपला स्वभाव कधीतरी बदलेल याची वाट पाहत राहतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार या बाबतीत फार उपयोगी आहे. एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास कामागणिक वेगळा असतो आणि तो मुख्यतः चार वाटांनी येतो, असे ते सांगतात: ते काम स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारखाच कोणी ते करताना पाहिल्याने, विश्वासातल्या माणसाने 'तुला जमेल' असे सांगितल्याने, आणि त्या वेळी शरीर-मनाची जी अवस्था होते तिचा आपण जो अर्थ लावतो त्यातून. यांतली पहिली वाट सर्वांत भक्कम आहे. पाठ घेण्यापूर्वी आत्मविश्वास यावा ही अपेक्षा त्यामुळे उलटी ठरते. तो पाठ घेता घेताच येतो, आणि म्हणून पाठ कोणत्या क्रमाने, किती लहान तुकड्यांनी आणि कोणाच्या नजरेखाली घ्यायचे हे आपणच विचारपूर्वक ठरवायला हवे.

भीतीचे तुकडे करावेत

'मला शिकवायला जमेल का' या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण त्यात पंधरा-वीस निरनिराळी कामे एकत्र बांधलेली असतात. मेगन चॅनन-मोरन आणि अनिता वुलफोक हॉय या अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये शिक्षकांचा स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास मोजण्यासाठी २४ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ या श्रेणीत उत्तर द्यायचे असते आणि प्रश्न तीन क्षेत्रांत विभागलेले आहेत: मुलांना अभ्यासात गुंतवणे, अध्यापनाच्या रीती वापरणे आणि वर्गाचे व्यवस्थापन करणे. एकाच व्यक्तीचे गुण या तीन क्षेत्रांत वेगवेगळे येऊ शकतात, आणि आपल्या दृष्टीने कामाची गोष्ट तीच आहे. समजावून सांगण्यात तरबेज असलेली व्यक्ती गलका आवरताना गोंधळू शकते. मुलांशी सहज जमवून घेणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला फळ्यावर उदाहरण सोडवताना घाम फुटू शकतो.

ती मोजपट्टी जशीच्या तशी वापरण्याची गरज नाही. आपल्याला मिळालेल्या शाळेच्या आणि इयत्तेच्या संदर्भात आपली स्वतःची यादी लिहावी आणि ती शक्य तितकी नेमकी असावी. मधल्या सुट्टीनंतर पळत आत आलेल्या सातवीच्या मुलांना तीन मिनिटांत वह्या उघडायला लावणे, मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीला न लाजवता प्रश्न विचारणे, अपूर्णांकांची बेरीज एका रीतीने कळली नाही तर दुसऱ्या रीतीने मांडणे, गटकार्य संपल्यावर सर्वांचे लक्ष पुन्हा फळ्याकडे आणणे, 'टीचर, पुस्तकात वेगळे दिले आहे' असे कोणी म्हटल्यावर न डगमगता पुस्तक उघडून पाहणे, घंटा होण्यापूर्वी पाठाचा समारोप करणे, अशा स्वरूपाची पंधराएक कामे लिहून प्रत्येकासमोर आजच्या घडीला १ ते ९ पैकी किती गुण द्याल ते मांडावे. डी.एल.एड.च्या ज्या विद्यार्थ्यांना खेड्यातील सरकारी प्राथमिक शाळा मिळते त्यांनी आणखी एक काम यादीत अवश्य घालावे: चार इयत्तांची मुले एकाच खोलीत असताना एका इयत्तेला शिकवणे आणि उरलेल्यांना गुंतवून ठेवणे. सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या तालुक्यांत एकशिक्षकी शाळा ही नित्याची गोष्ट आहे, आणि तेथे पाठ टाचण जसे लिहिले तसे पार पडणार नाही हे आधीच धरून चालले तर धक्का बसत नाही.

यादी झाल्यावर सुरुवात कोठून करायची? सर्वांत कमी गुण असलेल्या कामापासून करू नये, अशी माझी ठाम सूचना आहे. ज्या कामांना आपण ४ किंवा ५ गुण दिले आहेत, म्हणजे जी थोड्या प्रयत्नाने हाती येतील, ती आधी घ्यावीत. १ किंवा २ गुणांच्या कामावर पहिल्याच आठवड्यात झडप घातली आणि ते फसले, तर त्या एका अपयशाची सावली बाकीच्या चौदा कामांवर पडते. हीच यादी इंटर्नशिपच्या, म्हणजे शाळेतील सरावाच्या काळाच्या, मध्यावर आणि शेवटी पुन्हा भरावी. मध्यावर गुण कमी झालेले दिसले तर घाबरून जाऊ नये. वर्ग प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी आपण दिलेले काही गुण अंदाजाने दिलेले असतात आणि आता ते अनुभवाने दिले जात आहेत.

पाहायचे काय आणि कोणाला

पाठ निरीक्षणाचे तास बहुतेक ठिकाणी वहीत नोंदी पुऱ्या करण्यात जातात. उद्दिष्टे कोणती, साहित्य कोणते, मूल्यमापन कसे केले, हे रकाने भरून होतात आणि वर्ग कसा चालला हे पाहायचेच राहते. अमेरिकेतील जेकब कुनिन यांनी वर्गांची चित्रफितींवरून बारकाईने पाहणी करून १९७० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की, मूल चुकल्यावर शिक्षक काय बोलतो यावरून चांगला चाललेला आणि विस्कटलेला वर्ग वेगळा ओळखता येत नाही. फरक पडतो तो त्याआधी शिक्षक काय करतो याने: त्याचे सगळ्या वर्गाकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवते का, एका वेळी दोन गोष्टी तो हाताळतो का, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे जाताना मध्ये रिकामी जागा राहते का.

म्हणून निरीक्षणाला बसताना एका तासाला एकच गोष्ट ठरवून पाहावी. एका दिवशी फक्त शिक्षक कोठे उभे राहतात ते कागदावर वर्गाचा आराखडा काढून टिपावे. दुसऱ्या दिवशी घंटा झाल्यापासून मुले कामाला लागेपर्यंत काय काय घडते, त्यात शिक्षकांनी नेमके कोणते शब्द वापरले, हे लिहून काढावे. तिसऱ्या दिवशी फक्त बदलाच्या जागा पाहाव्यात: वाचन संपून लेखन सुरू होताना, गट करताना, पुस्तके गोळा करताना. गलका बहुधा याच जागी होतो.

कोणाचे पाठ पाहावेत याविषयीही थोडे सांगायला हवे. पंचवीस वर्षे शिकवलेल्या शिक्षिकेचा वर्ग पाहून शिकण्यासारखे पुष्कळ असते, पण आपल्या आत्मविश्वासाला त्याचा उपयोग होईलच असे नाही. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी वर्ग शांत होतो आणि ते कसे घडले हे नवख्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्याच तुकडीतील सहाध्यायी पहिल्या पाठात अडखळतो, तिसऱ्या पाठात सावरतो आणि पाचव्यात मुलांना प्रश्न विचारू लागतो, हे पाहणे अधिक बळ देते, कारण तेथे अडचण आणि तिच्यातून काढलेली वाट दोन्ही उघड दिसतात. एकाच शाळेत नेमलेल्या दोघा-तिघांनी आपसांत ठरवून एकमेकांचे पाठ पाहावेत आणि शाळा सुटल्यावर त्याविषयी बोलावे. अनुभवी शिक्षकांचा पाठ पाहिल्यास त्यांना नंतर एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या पहिल्या वर्षी ही गोष्ट कशी जमत नव्हती? याचे उत्तर बहुतेक जण मोकळेपणाने देतात.

सूक्ष्म अध्यापनापासून पूर्ण तासापर्यंत

सूक्ष्म अध्यापन म्हणजे मोजक्या श्रोत्यांसमोर काही मिनिटांचा पाठ घेऊन एकेका कौशल्याचा सराव करणे; ही रीत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. आपल्याकडे रुळलेल्या आराखड्यात एका फेरीला ३६ मिनिटे लागतात: ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण (पाहणाऱ्यांचा अभिप्राय), १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनरध्यापन आणि पुन्हा ६ मिनिटे प्रत्याभरण. महाविद्यालयांत वेळेच्या ओढाताणीत सर्वांत आधी कापले जाते ते पुनरध्यापन. आत्मविश्वासाच्या दृष्टीने ही कपात महागात पडते. पहिल्या सहा मिनिटांत आपल्याला उणिवा कळतात; त्या आपण दुरुस्त करू शकतो हे दुसऱ्या सहा मिनिटांत कळते, आणि मनात टिकणारा विश्वास त्या दुसऱ्या फेरीतून येतो. महाविद्यालयात वेळ मिळाला नाही तर तिघा मित्रांनी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसून ती फेरी पुरी करावी; त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात किमान २० आठवडे शाळेसाठी राखलेले आहेत, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. सोळा आठवडे हा पुरेसा काळ आहे, पण शाळेत पाऊल ठेवताच पूर्ण तास घेण्याची घाई केली तर त्याचा लाभ निसटतो. पहिल्या काही दिवसांत मार्गदर्शक शिक्षकांना विनंती करून वर्गातील लहान कामे स्वतःकडे घ्यावीत: हजेरी, वह्या वाटणे, फळ्यावर दिनांक आणि घटकाचे नाव लिहिणे, तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटांची उजळणी. ही कामे क्षुल्लक वाटतात, परंतु त्यांतून मुलांना आपला आवाज ओळखीचा होतो आणि आपल्या सूचनेनुसार वर्ग हलतो याचा अनुभव मिळतो. त्यानंतर एक कृती, मग अर्धा तास, मग पूर्ण तास, आणि शेवटी आठवडाभराचा संपूर्ण घटक असा क्रम ठेवावा.

या काळात एक काम सर्वांआधी करावे. मुलांची नावे पाठ करावीत. बैठक व्यवस्थेचा कागद करून त्यावर नावे लिहावीत आणि तो टेबलावर ठेवावा; वेळीप, फर्नांडिस, शेख, गावकर, लमाणी अशी नाना घरांची मुले एका वर्गात असतात, तेव्हा नावाचा उच्चार कसा करायचा हे ज्याचे त्याला विचारून घ्यावे. 'तू, निळी पाण्याची बाटलीवाला' असे म्हणून वर्ग सांभाळता येत नाही. नावाने हाक मारता येऊ लागली की अर्धी भीती उतरते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

भाषेची अडचण वेगळी काढावी

गोव्यात हा भाग इतका महत्त्वाचा आहे की त्याच्याकडे सविस्तर पाहायला हवे. येथील असंख्य मुले प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणी माध्यमातून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसतात. आज विद्यार्थी-शिक्षक झालेल्यांपैकी कित्येक जण स्वतः याच वाटेने आले आहेत. डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या गावात मराठी शाळेत शिकून पुढे विज्ञानाची पदवी घेतलेली व्यक्ती आठवीला इंग्रजीतून विज्ञान शिकवायला उभी राहते तेव्हा तिची जीभ अडखळते, आणि हे अडखळणे म्हणजे आपल्याला शिकवता येत नाही याचाच पुरावा आहे असे तिला वाटू लागते. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीवर उपाय सोपा आहे आणि तो काही आठवड्यांत होतो.

वर्गात इंग्रजी दोन प्रकारची लागते. एक विषयाची, जी पाठ्यपुस्तकात दिलेली असते आणि आदल्या दिवशी वाचून तयार करता येते. दुसरी वर्ग चालवण्याची: बसा, वही उघडा, शेजाऱ्याशी दोन मिनिटे चर्चा करा, ज्यांचे झाले त्यांनी हात वर करा, हे उत्तर अर्धे बरोबर आहे, आता पुढचा भाग कोण सांगेल. अडखळणे बहुधा या दुसऱ्या प्रकारात होते, कारण ती कोणत्याच पुस्तकात लिहिलेली नसते आणि पाठ टाचणातही येत नाही. म्हणून अशी वीस-पंचवीस वाक्ये एका कागदावर लिहावीत, ती बरोबर आहेत याची मार्गदर्शकांकडून खात्री करून घ्यावी, आणि घरी मोठ्याने म्हणावीत. मनातल्या मनात वाचलेले वाक्य वर्गात तोंडातून येत नाही. ही वाक्ये ठरावीक असल्यामुळे मुलांनाही ती लवकर ओळखीची होतात आणि सूचना दोनदा द्यावी लागत नाही.

विषय समजावताना कोकणी किंवा मराठीचा आधार घेणे हा कमीपणा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य असल्यास आठवीपर्यंत, घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि त्यानंतरही शक्य तेथे ती भाषा म्हणून शिकवणे चालू ठेवावे असे सांगितले आहे. व्यवहारात असे करता येते: संज्ञा इंग्रजीत फळ्यावर लिहावी, तिचा अर्थ कोकणीत किंवा मराठीत बोलावा, आणि शेवटी मुलांकडून पूर्ण वाक्य इंग्रजीत काढून घ्यावे. बाष्पीभवन शिकवताना नेरूल किंवा आगरवाडा येथील मिठागरांचा उल्लेख केला की एखादे मूल आपल्या घरच्या भाषेत भराभर सांगू लागते: पाणी कधी आत घेतात, मीठ कधी ओढतात, पाऊस लवकर आला तर काय होते. त्या क्षणी त्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते, आणि ती माहिती फळ्यावर क्रमाने मांडून तिच्यातून शास्त्रीय संज्ञा बाहेर काढणे हे शिक्षकाचे काम असते. असा तास घेतल्यावर येणारी खात्री व्याकरणशुद्ध इंग्रजीतील व्याख्यानाने येत नाही.

मुरगावसारख्या तालुक्यात घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलेही वर्गात असतात, आणि त्यांना कोकणीचा आधारही अपुरा पडतो. तेथे चित्र, वस्तू आणि फळ्यावरची आकृती यांवर अधिक भर द्यावा, आणि त्याच भाषेच्या जरा पुढे गेलेल्या मुलाला शेजारी बसवावे. मुलाला समजले की नाही हे पाहण्यासाठी 'कळ्ळें?' असे विचारून थांबू नये. त्याला सगळा वर्ग एका सुरात हो म्हणतो. त्याऐवजी एखादे छोटे काम द्यावे आणि बाकांमधून फिरून वह्यांत पाहावे.

शिक्षेविना शिस्त

छडीचा किंवा ओरडण्याचा धाक हाताशी नसेल तर वर्ग आपल्याला जुमानणार नाही, ही धास्ती अनेकांना असते. याबाबत कायदा स्पष्ट आहे. गोवा बाल कायदा २००३ ने राज्यातील शाळांत शारीरिक शिक्षेला बंदी घातली आणि बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या, २००९, कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना देशभर मनाई केली. वर्गासमोर अपमान करणे, ओणवे उभे करणे, टोचून बोलणे हे सारे त्यात येते. मार्गदर्शक शिक्षक कधी काही वेगळे सुचवत असतील तरी विद्यार्थी-शिक्षकाने ही रेषा ओलांडू नये आणि गरज पडल्यास आपल्या महाविद्यालयातील प्राध्यापकांशी बोलावे.

शिस्त मुख्यतः आधी ठरवलेल्या सवयींतून येते. आपण घ्यायच्या तासाच्या तीन सवयी पक्क्या कराव्यात: तास सुरू कसा होतो, शांततेसाठी खूण कोणती, काम लवकर संपले तर काय करायचे. शांततेची खूण म्हणून आवाज वापरू नये. गोव्यातील पावसाळ्यात हे विशेष लक्षात येते. जुलैमध्ये पत्र्यावर किंवा कौलांवर सर कोसळू लागली की पुढच्या बाकापर्यंतही शब्द पोहोचत नाही, आणि घसा ताणून बोलणाऱ्या शिक्षकाचा आवाज आठवड्यात बसतो. वर केलेला हात ही खूण असू द्यावी, तिचा सराव पहिल्या दिवशी मुलांकडून करून घ्यावा, आणि पावसाच्या दिवसांसाठी सूचना फळ्यावर क्रमांक घालून लिहिण्याची सवय ठेवावी. लेखी सूचनेचा आणखी एक लाभ आहे: आपण गोंधळलो तरी फळा गोंधळत नाही.

सूचना देताना आधी सर्व हालचाल थांबू द्यावी, मग एका वेळी एकच गोष्ट सांगावी, ती किती वेळात करायची ते सांगावे, आणि एका मुलाला ती पुन्हा सांगायला लावावी. एवढे केल्यावरही कोणी गप्पा मारत असेल तर बोलणे न थांबवता त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. झाले नाही तर हलक्या आवाजात त्याचे नाव घ्यावे; त्यानेही नाही तर तास संपल्यावर दोन मिनिटे एकट्याशी बोलावे. सर्वांसमोर वाद घालण्याचा मोह टाळावा, कारण त्या वेळी त्या मुलाला मित्रांसमोर माघार घेता येत नाही आणि शिक्षकालाही घेता येत नाही. गणेश चवथीच्या सुट्टीआधीचे दोन-तीन दिवस, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमींचा आठवडा, दुपारचा शेवटचा तास, हे प्रसंग सर्वांनाच कठीण जातात. अशा वेळी नवा अवघड घटक घेण्यापेक्षा लेखनाचे किंवा हाताचे काम द्यावे आणि वर्ग बेताचा चालला तरी तो आपल्या क्षमतेचा निकाल मानू नये.

प्रश्न विचारून थांबणे

नवखे शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तर न आल्यास लगेच स्वतःच सांगून टाकतात, कारण वर्गातील शांतता त्यांना अपयशासारखी वाटते. मेरी बड रो यांनी अमेरिकेतील विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असे त्यांना दिसले. हा अवकाश तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागली आणि गप्प राहणाऱ्या मुलांची संख्या घटली. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, फळ्यासमोर उभे राहिल्यावर ते फार मोठे होतात. मनात सावकाश तीन अंक मोजावेत. पाठ टाचणातच मुख्य प्रश्नांसमोर 'थांबणे' असे लिहून ठेवावे.

उत्तर माहीत नसलेला प्रश्न मुलाने विचारला तर काय करावे, याचे वाक्य आधीच ठरवून ठेवावे. 'हे मी आज रात्री वाचून उद्या सांगते, तूही घरी विचारून ये' एवढे पुरेसे आहे, अट एकच: दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगायला हवे.

शरीराचे संकेत

पाठापूर्वी छातीत धडधडते, तळहात ओले होतात, खडू धरलेला हात कापतो. हे शरीर कामासाठी सज्ज होत असल्याचे लक्षण आहे आणि अनुभवी शिक्षकांनाही नव्या वर्गापुढे ते जाणवते. शाळेत वीस मिनिटे आधी पोहोचावे, रिकाम्या वर्गात फळ्यापाशी उभे राहून पाठाची पहिली चार वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत, पाण्याची बाटली जवळ ठेवावी. पहिल्या पाच मिनिटांत आपण कमी बोलू आणि मुले जास्त काम करतील अशी सुरुवात योजावी, म्हणजे श्वास स्थिर होईपर्यंत वेळ मिळतो.

निरीक्षकांकडून काय मागावे

निरीक्षकांचे शब्द आत्मविश्वास उभारू शकतात आणि मोडूही शकतात, परंतु 'पाठ छान झाला' या शेऱ्याने यांपैकी काहीच होत नाही. पाठापूर्वीच निरीक्षकांना एक विशिष्ट विनंती करावी: आज मी किती मुलांना प्रश्न विचारले आणि ती कोणत्या बाजूची होती एवढे टिपाल का? किंवा, गट करताना किती वेळ गेला ते पाहाल का? असे मागितल्यास टीका माणसावर न येता कामावर येते आणि पुढच्या पाठात काय बदलायचे हे कळते. मार्गदर्शक शिक्षकांनाही माझी आग्रहाची विनंती आहे की, विद्यार्थी-शिक्षक अडखळला म्हणून मध्येच वर्ग आपल्या हाती घेऊ नये. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मागे बसून चिठ्ठी लिहावी. मध्येच घेतलेला वर्ग परत मिळवायला त्या नवख्या व्यक्तीला कित्येक दिवस लागतात.

प्रत्येक पाठानंतर त्याच दिवशी वहीत तीन-चार ओळी लिहाव्यात: काय जमले, ते आपल्या कोणत्या कृतीमुळे जमले, उद्या कोणती एक गोष्ट बदलणार. यांतील मधला भाग बहुतेक जण गाळतात. 'आज मुले शहाणी होती' असे लिहिले तर यशाचे श्रेय मुलांना जाते आणि उद्यासाठी काही उरत नाही. 'काम देण्यापूर्वी एक नमुना फळ्यावर सोडवला म्हणून मुले लगेच कामाला लागली' असे लिहिले तर ते पुन्हा करता येते.

पाठ फसल्यावर

काही पाठ फसतील. वेळ पुरणार नाही, प्रयोग होणार नाही, मुले खिडकीबाहेर पाहत राहतील. अशा दिवसानंतर शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी त्याच वर्गात, लहान आणि खात्रीने जमेल असा भाग घेऊन उभे राहावे. मध्ये आठवडा गेला तर त्या वर्गाची भीती वाढत जाते. वहीत त्या पाठाविषयी लिहिताना 'मला वर्ग सांभाळता येत नाही' असे वाक्य लिहू नये. 'पुस्तके गोळा करताना चार मिनिटे गेली आणि तेथून गलका सुरू झाला' असे लिहावे, कारण चार मिनिटांचे दोन मिनिटे करण्याचा उपाय शोधता येतो.

शिक्षक म्हणून पहिल्या नोकरीचा काळही आत्ताच ध्यानात घेतलेला बरा. अनिता वुलफोक हॉय आणि रोंडा स्पीरो यांच्या २००५ च्या अभ्यासात असे दिसले की, प्रशिक्षणाच्या काळात वाढलेला हा विश्वास नोकरीच्या पहिल्या वर्षी घसरला, आणि ही घसरण नव्या शिक्षकाला किती आधार मिळाला याच्याशी जोडलेली होती. प्रशिक्षणात मार्गदर्शक मागे बसलेले असतात, नोकरीत दार बंद झाल्यावर आपण एकटे असतो. म्हणून इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. आपली गुणांची यादी तिसऱ्यांदा भरून ती आणि रोजची वही जपून ठेवावी; वर्ग चालवण्याच्या वाक्यांचा कागद नव्या शाळेच्या इयत्तेसाठी पुन्हा लिहून काढावा; आणि मार्गदर्शक शिक्षकांपैकी ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येते अशा एकांना विचारून ठेवावे की, नोकरीच्या पहिल्या सत्रात महिन्यातून एकदा अडचणींविषयी बोलायला आलो तर चालेल का.